शब्द हवा आहे: ‘ड्राइव्हट्रेन लॉस’ म्हणजे गळती, घट की तूट?

तुर्भेकर:
नमस्कार मंडळी. तुर्भ्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या ट्यूनिंगचं काम करतो. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची नवी जुळणी), टर्बो, एक्झॉस्ट असं काम झालं की गाडी डायनोच्या, म्हणजे शक्ती मोजायच्या यंत्राच्या, रोलरवर चढवतो आणि गिऱ्हाइकाला आलेखाचा कागद देतो. कागद सगळा इंग्रजीत असतो. कळवा, घोडबंदर, पनवेल, कुठून कुठून लोक येतात, पैसे मोजतात आणि कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा तेवढा लक्षात ठेवून जातात. आता त्यासोबत मराठीत एक पान द्यायचं ठरवलंय. गाडं अडलंय ते एका जागी. इंजिनात तयार होणारी शक्ती आणि चाकापर्यंत पोचणारी शक्ती यांत जो फरक पडतो, त्या ‘ड्राइव्हट्रेन लॉस’ला काय म्हणायचं? मी ‘शक्तीची गळती’ लिहिलं होतं. बरोबर वाटतं का?

नौपाडकर:
‘गळती’ नको. वीजगळती, पाणीगळती आपण म्हणतो तेव्हा वस्तू भोकातून बाहेर जाते आणि भोक बुजवलं की थांबते. शिवाय तुमच्याच धंद्यात गळतीचा अर्थ ठरलेला आहे. ‘गिअरबॉक्समध्ये १४ पीएसची गळती’ (पीएस हे शक्तीचं एकक) असं वाचल्यावर गिऱ्हाईक ऑइल सील बदलून मागेल.

‘घट’ही जपून वापरा. घट म्हणजे आधी होतं त्यापेक्षा आता कमी झालं. ‘इंजिनच्या शक्तीत घट’ म्हटलं की रिंगा झिजल्या, कॉम्प्रेशन गेलं असाच अर्थ लागणार. इथे आधी आणि नंतर असं काही नाही. एकाच क्षणी दोन जागी मोजलं, तर दोन आकडे वेगळे येतात, एवढंच आहे.

ऐरोलीकर:
मी वीज पारेषणाच्या कामात आहे. आमच्याकडे हा शब्द रोजचा आहे: पारेषण हानी. निर्मिती केंद्रातून निघालेली वीज आणि उपकेंद्रात पोचलेली वीज यांतला फरक. महापारेषण, महावितरण ही नावं घरोघरी पोचली आहेत, त्यामुळे ‘पारेषण’ आता पुस्तकी राहिलेला नाही. गिअरबॉक्सला इंग्रजीत ट्रान्समिशनच म्हणतात, मग ‘पारेषण हानी’ सरळ बसतो. आणि तारा तापून वीज जाते तसंच गाडीतही घर्षणाने तापूनच जात असणार ना?

कोपरीकर:
ताई, तुमचा शब्द शास्त्राला धरून आहे आणि तापण्याचा मुद्दाही बरोबर आहे. पण ‘हानी’ ऐकलं की काहीतरी बिघडलंय असं वाटतं. सगळं ठीक असलेल्या नव्या गाडीतही हा फरक असतोच. माझं मत ‘तूट’ला. अर्थसंकल्पात तूट म्हणतात ती काय असते? दोन रकमांची वजाबाकी. तिजोरीत तूट नावाची वस्तू कुठे ठेवलेली नसते. गाडीचंही तसंच आहे. तूट कोणत्याही यंत्रावर थेट दिसत नाही, ती काढावी लागते. शब्दातच हे आलं तर निम्मा गोंधळ मिटेल.

मी आयटीआयमध्ये बरीच वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गॅरेजात मुलं म्हणतात, ‘गिअरबॉक्स पॉवर खातो.’ बोलायला छान आहे. पण कुठे किती खातो? गिअरच्या दात्यांची एक जोडी चांगल्या तेलात साधारण १ ते २ टक्के घेते. बेअरिंग आणि सील घासतात. गिअर तेलात घुसळत फिरतात, त्याला जोर लागतो. मागच्या चाकांच्या गाडीत, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांना मिळतो अशा गाडीत, प्रोपेलर शाफ्टकडून आलेली शक्ती क्राउन-पिनियन या मागच्या एक्सलमधल्या दातेरी जोडीपाशी काटकोनात वळते आणि तिथले दाते एकमेकांवर सरकत घासतात, म्हणून तिथला वाटा जास्त. पुढे इंजिन आडवं बसवलेल्या, पुढच्या चाकांच्या गाडीत हे काटकोनातलं वळणच नसतं. शेवटी टायर. रोलरवर दबून तोही तापतो.

यातला काही भाग इंजिन किती जोर लावतंय यावर अवलंबून असतो: दात्यांवरचा भार वाढला की घर्षण वाढतं. काही भाग फक्त फिरण्याच्या वेगावर असतो: तेलाची घुसळण, सीलचं घासणं. इंजिनची शक्ती दुप्पट केली म्हणून त्याच फेऱ्यांना तेलाची घुसळण दुप्पट होत नाही.

मॉडिफाइड गाड्यांच्या बाबतीत घोळ होतो तो इथेच. सगळीकडे चालतं ते गणित असं: पुढची चाकं असतील तर १५ टक्के धरा, मागची असतील तर जरा जास्त, चारही असतील तर २० च्या पुढे. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ठोकताळा. ठोकताळा वाईट नसतो, पण तो मोजमापाच्या जागी बसवला की फसवणूक होते.

उदाहरण घ्या. कंपनी म्हणते इंजिन १०० पीएसचं. कोरी गाडी रोलरवर चढवली, चाकावर ८६ आले. तूट १४. आता टर्बोचं काम केलं, चाकावर १२० आले. इंजिनवर किती? तूट १४ च राहिली असं धरलं तर १३४. तूट १४ टक्केच राहिली असं धरलं तर १२० भागिले ०.८६, म्हणजे १३९.५. खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं. मग छापील कागदावर ‘१४० पीएस’ लिहून देणारा साडेपाच पीएस कुठून आणतो? ठोकताळ्यातून. आणि कंपनीचे १०० तरी त्या गाडीवर मोजलेले थोडेच असतात? ते त्या मॉडेलचे असतात.

म्हणून शब्द कुठलाही ठरो, एक गोष्ट मनापासून सांगतो. चाकावरचा आकडा मोजलेला असतो आणि इंजिनचा आकडा अदमासाने काढलेला असतो. दोन्ही एकाच टायपात, एका ओळीत छापू नका. दुसऱ्याच्या मागे ‘अदमासे’ हवंच.

तुर्भेकर:
सर, हे पटलं. पण आमचं मशीन क्लच दाबल्यावर रोलर मोकळे सोडतं आणि ते किती लवकर थांबतात त्यावरून तूट स्वतःच मोजतं. मग तो आकडा मोजलेला म्हणू की अदमासाचा?

कोपरीकर:
अर्धा अर्धा. क्लच दाबला की इंजिन सुटतं. घुसळण, बेअरिंग, टायर यांची ओढ त्यात मोजली जाते. पण दात्यांवर तेव्हा पूर्ण भार नसतो, म्हणून भाराने वाढणारा वाटा निसटतो. पानावर ‘मोकळ्या धावेत मोजलेली तूट’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे काय मोजलं आणि काय नाही ते कळेल.

आणि एक भाग तूट नव्हेच. रोलर, चाकं, फ्लायव्हील यांचा वेग वाढवायला शक्ती लागते. ती घर्षणाने जात नाही, फिरणाऱ्या वस्तूत साठते. पैसा बुडाला आणि पैसा गुंतला यांत जो फरक, तोच इथे आहे. मी मुलांना ‘गुंतलेली शक्ती’ म्हणायला शिकवलं होतं. हलकी अलॉय चाकं बसवली की फक्त रोलरच्या जडत्वावर चालणाऱ्या डायनोवर चाकावरचा आकडा थोडा वाढतो. इंजिन होतं तेच असतं, गुंतवणूक कमी झालेली असते. म्हणून आधीची आणि नंतरची चाचणी एकाच गिअरमध्ये, त्याच चाकांवर आणि गिअर ऑइल तेवढंच तापलेलं असताना घ्या.

घणसोलीकर:
बीएचपीतला (ब्रेक हॉर्सपॉवर) ‘ब्रेक’ म्हणजे तूट वजा केलेली शक्ती असं मी ऐकलंय. मराठीत त्याला ‘रोध अश्वशक्ती’ म्हणावं का?

नौपाडकर:
तो ब्रेक मोजण्याच्या साधनातला आहे. १८२१ च्या सुमारास फ्रान्समधले अभियंते गास्पार द प्रोनी यांनी फिरणाऱ्या शाफ्टला ब्रेकने आवळून त्याचा जोर मोजायची युक्ती काढली. गिअरबॉक्सची तूट त्यात धरलेली नसते. नुसतं ‘इंजिनची शक्ती’ म्हणा, पुरे.

अश्वशक्तीबद्दल मात्र जपा. नववीच्या पुस्तकात १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट आहे. पीएस हा जर्मन घोडा: ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला लागणारी शक्ती, म्हणजे ७३५.५ वॅट. १०० पीएस म्हणजे सुमारे ९८.६ अश्वशक्ती. आधीचा आलेख अश्वशक्तीत आणि नंतरचा पीएसमध्ये दिला, तर काहीही न करता गाडी दीड टक्क्याने वाढलेली दिसते.

ऐरोलीकर:
टॉर्कला, म्हणजे फिरवायच्या जोराला, ‘पीळ’ चालेल का? सुंभ जळला तरी जात नाही तो.

कोपरीकर:
पीळ म्हणजे पिळल्यामुळे वस्तूत पडलेला वळसा. शाफ्टला पीळ पडला म्हणजे शाफ्ट बाद झाला. टॉर्क ठेवा, गावोगावच्या ट्रॅक्टरवाल्यांनाही तो कळतो. फक्त एक वाक्य जोडा: गिअरमुळे चाकावर टॉर्क वाढतो, शक्ती वाढत नाही.

तुर्भेकर:
अजून दोन शब्द अडलेत. उकाड्यात इंजिन कमी शक्ती देतं, म्हणून मशीन तापमान आणि हवेचा दाब बघून आकडा एका गुणकाने वाढवतं. ‘दुरुस्ती गुणक’ लिहिलंय. आणि मॉडिफाइड गाडी म्हणजे ‘फेरफार केलेली गाडी’.

नौपाडकर:
दोन्ही बदला. गॅरेजच्या कागदावर दुरुस्ती म्हणजे रिपेअरच वाचलं जाणार. ‘हवामान गुणक’ लिहा. फेरफार सातबाऱ्यावर ठीक, पण मीटरमध्ये फेरफार करणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. ‘बदल केलेली गाडी’ बरं. अर्थात शब्द सौम्य केल्याने कायदा सौम्य होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी करायला मनाई करतं. पानाच्या तळाशी तेही येऊ द्या.

कोपरीकर:
हवामान गुणक वापरताना कोणतं मानक तेही लिहा. एसएई या अमेरिकी अभियंता संघटनेच्या जे१३४९ मानकात २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरतात. ठाण्याच्या मे महिन्यात तो गुणक आकडा वर नेतो. टर्बो गाडीत बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) बऱ्याच अंशी कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे साध्या इंजिनचा गुणक जसाच्या तसा लावला तर आकडा फुगतो. म्हणून गुणकाआधीचा आकडाही छापा.

आणि हे सगळं रोलरवरच. पामबीच रस्त्यावर रात्री मोबाइलवर वेळ लावून शक्तीचा अदमास काढणारी मुलं तुमच्याकडे येतात, त्यांना हे पान आधी द्या. रस्त्यावर वारा, चढ, गाडीतली माणसं सगळंच त्या आकड्यात मिसळतं, आणि जीव जायचा धोका असतो तो वेगळाच.

तुर्भेकर:
मग पानावर असं टाकतोय:

‘चाकावर मोजलेली शक्ती: १२० पीएस (हवामान गुणकाआधी ११६). मोकळ्या धावेत मोजलेली तूट: १५ पीएस. इंजिनची शक्ती, अदमासे: १३५ ते १४० पीएस. चाचणी चौथ्या गिअरमध्ये, गिअर ऑइल गरम झाल्यावर.’

ऐरोलीकर:
‘तूट’ माझ्याकडूनही मान्य. पारेषण हानी आमच्याकडेच राहू दे.

कोपरीकर:
टायरमधली हवा आणि गाडी बांधायचे पट्टे किती आवळले तेही लिहा. पट्टे ओढून टायर रोलरवर दाबला की तूट वाढते आणि चाकावरचा आकडा खाली येतो. दोन्ही वेळा पट्टे सारखे आवळले नसतील, तर आधी-नंतरची तुलना गिऱ्हाइकाला दाखवूच नका.