छोट्या शाळा आणि भावकीतली कॉन्फरन्स : तुमचे अनुभव लिहा

फ्लॅटरॉककाठचा

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच.

कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे पुण्याहून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबसला आलेली मराठी घरं थोडीथोडकी नाहीत. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तेव्हापासूनची ही ये-जा. बहुतेकजण कोलंबस गावातच राहतात. आम्ही २००९ साली अंगणाच्या हावेपायी गावाबाहेर, मक्याच्या शेतांमध्ये घर घेतलं. मुलगा ज्या शाळेत गेला तिथे नववी ते बारावी मिळून तीनशेच्या आत पोरं.

नववीच्या पहिल्याच आठवड्यात शाळेतून फोन. मला वाटलं, चिरंजीवांनी काहीतरी दिवे लावले. तर पलीकडे क्रॉस-कंट्रीचे प्रशिक्षक. म्हणाले, "त्याला पाठवाल का? आमच्याकडे चारच मुलं आहेत, संघाचे गुण धरायला पाच लागतात." माझा मुलगा तोवर बस चुकली तरच पळायचा. चार वर्षं पळला. बहुतेक वेळा पाचवा, म्हणजे आमच्या पाचांत पाचवा.

या शाळा ज्या कॉन्फरन्समध्ये खेळतात तिचं वेड मला मुलाआधी लागलं. आमच्या भागात मिड-हूझियर कॉन्फरन्स आहे. हाउझर, वॉल्ड्रन, मॉरिसटाउन, एडिनबर्ग, नॉर्थ डिकेटर, साउथ डिकेटर अशी तिच्यातली नावं. सगळी अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूतली. मुलाची शाळा कुठली ते सांगत नाही, कारण पुढे थोडी निंदा करायची आहे. या छोट्या शाळांच्या कॉन्फरन्सचे तुमचे अनुभव ऐकायचे आहेत. खेळाडू, पालक, बसमध्ये उलटी झालेले, कोणीही लिहा.

पेठेतला_प्रवीण

कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे कॉन्फरन्स म्हटलं की चहा-बिस्किटं आणि झोप.

फ्लॅटरॉककाठचा

प्रवीणराव, भावकी समजा. राज्याची संघटना शाळांचे पटसंख्येनुसार वर्ग पाडते. तो सरकारी सातबारा. कॉन्फरन्स मात्र शाळा आपापसात जमवतात. साधारण सारख्या आकाराच्या, जवळपासच्या सात-आठ शाळा ठरवतात की दरवर्षी एकमेकींशी खेळायचंच. वेळापत्रक ठरतं, बसचं डिझेल वाचतं, प्रेक्षक येतात. हंगामाच्या शेवटी कॉन्फरन्सचा विजेता ठरतो, आणि सगळे प्रशिक्षक बसून 'ऑल-कॉन्फरन्स' खेळाडू निवडतात. राज्याची स्पर्धा त्यानंतर, वेगळी.

भावकी म्हटलं की भावबंदकी आलीच. हरलेला सामना लोक तीस-तीस वर्षं लक्षात ठेवतात. किराणा दुकानात एक आजोबा मला १९८०च्या दशकातला एक चुकीचा फाउल समजावून सांगत होते, टोमॅटोच्या ढिगावर टोमॅटो मांडून.

थोडा इतिहास. इंडियाना राज्यात १९९७ पर्यंत बास्केटबॉलला वर्गच नव्हते. शंभर पोरांची शाळा आणि दोन हजारांची शाळा एकाच स्पर्धेत. १९५४ साली ७५१ शाळा उतरल्या आणि १६१ मुलांची मायलन ही शाळा जिंकली. (स्पेलिंग इटलीतल्या शहराचं, पण इथे 'मिलान' म्हणालात तर लोक तुम्हाला रस्ता चुकलेला समजतात.) अंतिम सामना मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेशी. शेवटच्या डावात बॉबी प्लम्प चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून नुसता उभा राहिला, कारण शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकायला लावणारं घड्याळ, नव्हतं. शेवटच्या क्षणी त्यानेच बास्केट केली. ३२-३०. आमच्यापासून मायलन तासाभरावर आहे, तिथे या एका सामन्याचं संग्रहालय आहे. वर्षभर आधी हाच संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला होता, म्हणजे मटका लागला असंही नाही.

१९९७-९८ पासून चार वर्ग झाले. त्यावर अजून वाद घालतात. एक बाजू म्हणते, आता पुन्हा मायलन होणे नाही. दुसरी म्हणते, अहो, निदान छोट्यांना काहीतरी मिळतं तरी. आमच्या भावकीतली वॉल्ड्रन २००४ मध्ये सगळ्यात लहान गटात २७-० अशी अजिंक्य राहून जिंकली आणि दोनच वर्षांनी हाउझरही. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

नॅपटाउनची_मावशी

गोष्ट छान, पण मायलनची गोष्ट सांगताना एक शाळा नेहमी गळते. अंतिम फेरीच्या आधी मायलनने इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अटक्सला हरवलं होतं. ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा, १९२७ साली मुद्दाम वेगळी काढलेली. राज्याच्या क्रीडा संघटनेने कृष्णवर्णीयांच्या आणि कॅथलिक शाळांना १९४२ पर्यंत सदस्यत्वच दिलं नव्हतं. अटक्सच्या मुलांना खेळायला परराज्यांतल्या कृष्णवर्णीय शाळा शोधत हिंडावं लागे. १९५४ला हरलेल्या त्या संघात एक दहावीतला मुलगा होता, ऑस्कर रॉबर्टसन. पुढच्याच वर्षी अटक्सने राज्य जिंकलं.

कोणी कोणाशी खेळायचं हे आपसात ठरवता, तेव्हा कोणाशी खेळायचं नाही तेही ठरतंच. भावकीच म्हणालात ना? वाडीबाहेरच्याला पंगतीत कुठे बसवतात ते आपल्याला माहीत आहे.

फ्लॅटरॉककाठचा

मावशी, मान्य. मला हे त्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर कळलं, आत नाही. कदाचित माझंच लक्ष नसेल.

मक्याच्या_देशी

आम्ही आयोवात. नवरा ट्रॅक्टरच्या कंपनीत, पुण्यातून बदली होऊन आला. मी बास्केटबॉलची स्कोअरबुक लिहिते. मुलीच्या शाळेत कोणी नव्हतं म्हणून बसवलं, 'तुम्हाला गणित येत असेल' या भरवशावर. मी बी.ए. मराठी.

आमच्या शेजारच्या आजी सत्तरच्या दशकात हायस्कूलमध्ये खेळल्या. मला म्हणाल्या, "मी चार वर्षं संघात होते, एकदाही बास्केट केली नाही." मला वाटलं, विनय. तर तसं नाही. आयोवात मुलींचा खेळच निराळा होता, सहा-सहांचा. तीन फॉरवर्ड मैदानाच्या एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या. मधली रेघ ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच टप्पा मारायचा. नेम फक्त फॉरवर्डनी धरायचा. आजी गार्ड. त्या चार वर्षं फक्त अडवत होत्या. "मला अजून कोणी अंगावर आलं की हात आपोआप वर जातात," म्हणाल्या आणि करून दाखवलं, हातात चहाचा कप असताना.

नियम ऐकून मला आधी राग आला. बायकांना रेघ ओलांडायची बंदी! आजी म्हणाल्या, आधी पुढचं ऐक. १९२५ साली राज्याच्या संघटनेने ठरवलं की मुलींचा बास्केटबॉल बंद. मोठ्या शहरांना चाललं. छोट्या गावांच्या शाळा अडून बसल्या आणि त्यांनी मुलींसाठी स्वतंत्र संघटनाच काढली. म्हणून बाकी देशात मुली टाळ्या वाजवत असताना इथल्या शेतकऱ्यांच्या पोरी भरलेल्या सभागृहांत खेळत होत्या. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटनने एव्हर्लीला जादा वेळेत ११३-१०७ असं हरवलं. दोन्ही बाजूंच्या मुख्य मुलींनी मिळून १४० गुण केले: डेनिस लाँगचे ६४, हरलेल्या जीनेट ओल्सनचे ७६. पुढच्या वर्षी डेनिसला पुरुषांच्या व्यावसायिक संघाने, सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सनी, निवड यादीत घेतलं.

सहा-सहांचा खेळ १९९३ला संपला. आजींच्या नातीला पाच-पाचांचाच माहीत. आजी सामन्याला येतात आणि कोणी गार्ड पुढे जाऊन बास्केट करते तेव्हा टाळ्या वाजवतात, पण जरा उशिरा.

आणि त्या युनियन-व्हिटन शाळेचं काय झालं? एकत्रीकरण. आता तिथल्या शाळेचं नाव बीसीएलयूडब्ल्यू. बीमन, कॉनरॅड, लिस्कम, युनियन, व्हिटन. पाच गावांची आद्याक्षरं. डेनिस लाँगची शाळा त्यातली शेवटची दोन अक्षरं.

पेठेतला_प्रवीण

म्हणजे लग्नानंतर दोन्ही आडनावं लावणाऱ्यांसारखं. पाच लग्नं झाली की नुसती आद्याक्षरं.

डॉ_कंदील

पश्चिम टेक्सास. व्हिसाच्या अटीपायी डॉक्टर नसलेल्या गावात तीन वर्षं काढायची म्हणून आलो, ते चौदा झाली. दर शुक्रवारी रात्री मैदानाच्या कडेला मी उभा. गावात दुसरा डॉक्टर नाही, आणि त्या वेळी दवाखान्यात पेशंटही नसतो.

आमच्याकडे फुटबॉल (अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा) सहा जणांचा. अकरा मुलं कुठून आणायची? १९३४ साली नेब्रास्कातल्या चेस्टरच्या स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने हा खेळ तयार केला. मंदी होती, शाळांकडे माणसं नव्हती, पैसे नव्हते. मैदान ऐंशी यार्ड लांब, चाळीस रुंद. दहाऐवजी पंधरा यार्ड पुढे जावं लागतं. सहाच्या सहा जण चेंडू झेलू शकतात, त्यामुळे जाडा मुलगाही धावत सुटतो. गोल झाल्यावर मिळणाऱ्या जादा संधीत लाथेने दोन गुण आणि पळून एक, म्हणजे मोठ्या खेळाच्या बरोबर उलटं, कारण इतक्या छोट्या शाळेत नेमकी लाथ मारणारं पोर मिळणंच दुर्मिळ. मध्यंतरानंतर पंचेचाळीस गुणांचा फरक पडला की सामना तिथेच संपतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सत्तर-साठ असा फलक बघून मला वाटलं, बिघडलाय.

मध्यंतरात बँड येतो. त्यात तीन मुलं फुटबॉलच्याच कपड्यांत, खांद्यांवर पॅड तसेच, हातात ट्रम्पेट. एकाचा अंगठा मी दुसऱ्या डावात बांधला होता, तो ड्रम वाजवत होता.

निंदा म्हणाल तर एक आहे. डोक्याला मार लागलेल्या मुलाला मी खाली बसवलं, तर एका पालकाने मला विचारलं, "पण मग सहावा कोण?" उत्तर नव्हतं. बसवलाच. सहावा नसल्याने सामना सोडावा लागला. दोन आठवडे पेट्रोल पंपावर माझ्याशी कोणी बोललं नाही. मग बोलायला लागले, कारण फ्लूचे दिवस आले.

निवृत्त_पीटी_सर

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात चौतीस वर्षं क्रीडाशिक्षक. सध्या लेकीकडे ओहायोत आलो आहे, नातवाचे सामने बघतो.

आमच्याकडे बाद पद्धत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य; वयोगट चौदा, सतरा, एकोणीस. एक सामना हरला की वर्ष संपलं. माझ्या खो-खोच्या पोरी जूनपासून मैदान मारायच्या, सकाळी नऊला तालुक्याला पोचायच्या, साडेनऊला हरायच्या, वडापाव खाऊन परत. पुढचा सामना पुढच्या वर्षी. नऊ मैदानात, तीन राखीव; राखीव पोरींच्या अंगाला तर मातीही लागायची नाही.

इथे नातू डिसेंबरात सात सामने हरला आणि जानेवारीत आठवा खेळायला निघाला! मी लेकीला म्हटलं, हे थांबत कसं नाही? एका मोसमात किती सामने असतात?

फ्लॅटरॉककाठचा

सर, आमच्याकडे बास्केटबॉलचे वीसेक, त्यातले सहा-सात कॉन्फरन्सचे. ते संपल्यावर राज्याची स्पर्धा. तिथे मात्र तुमच्यासारखंच, हरलात की घरी. आणि त्या स्पर्धेत सगळ्या शाळांना प्रवेश असतो, एकही सामना न जिंकलेल्यांनाही.

निवृत्त_पीटी_सर

वीस! वीस सामने मला मिळाले असते तर... जाऊ द्या. आमच्या तीन राखीव पोरींची नावं आत्ता आठवायचा प्रयत्न केला. दोन आठवली.

टेंडरलॉइन_शाकाहारी

मी कन्सेशन स्टँडवाली, म्हणजे सामन्यातल्या खाण्याच्या टपरीवरची आई. इंडियानाच. आम्ही घरात अंडंही खात नाही, आणि मी चार हिवाळे हातमोजे घालून डुकराच्या मांसाचे तळलेले टेंडरलॉइन सँडविच विकले. पावापेक्षा मांस तिप्पट मोठं असतं, तीच त्याची शान. त्या पैशांतून संघाचे गणवेश येतात, त्यामुळे पाळी चुकवता येत नाही. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना पॉपकॉर्नवर बसवलं. समोरच्या शाळेच्या लोकांना त्या मुद्दाम पिशवी कमी भरून देत होत्या. कोणी शिकवलं नव्हतं.

मक्याची_लेक

आई, तू इथे पण लिहितेस?

माझं मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. मी दहावीत असताना आमची शाळा आणि शेजारच्या गावाची शाळा खेळांसाठी एकत्र झाल्या, कारण दोघींकडे मिळून बारा मुली होत्या. ती आमची कॉन्फरन्समधली सगळ्यात जुनी दुश्मन शाळा. लहानपणापासून ज्या रंगाला हुर्यो करायला शिकले, तोच रंग माझ्या अर्ध्या जर्सीवर आला. पहिल्या सामन्यात आमचे पालक डावीकडे बसले आणि त्यांचे उजवीकडे, मधे दोन बाकं रिकामी. आई त्या मधल्या जागेसमोर स्कोअर टेबलवर होती. दोन्ही बाजूंचे लोक तिला विचारायला यायचे, कारण ती कोणाच्याच गावची नव्हती.

त्या वर्षी आम्ही कॉन्फरन्समधला एकच सामना जिंकलो. पालक पुढच्या मोसमातही वेगळेच बसले. मुलींचं मात्र दुसऱ्याच आठवड्यात जमलं, बसमध्ये हीटर एकाच बाजूला चालायचा म्हणून.

आई, मी पास होऊन सहा वर्षं झाली. स्कोअरबुक शाळेला परत कर.

मक्याच्या_देशी

करते गं. नवीन मुलीला फाउलचा रकाना अजून समजत नाही. शुक्रवारी घरचा सामना आहे, तेवढा होऊ दे.