शब्दचर्चा: ‘क्षीण भिंग’ म्हणजे नेमके काय क्षीण?

प्रश्न: ‘दीर्घिकासमूहांच्या क्षीण भिंगावरून विश्वातील द्रव्य मोजता येते’ असे वाक्य वाचले. क्षीण कोण, भिंग की समूह?

— दोन्ही नाहीत, क्षीण आहे तो परिणाम. दीर्घिकांच्या गुच्छाचे गुरुत्व मागून येणारा प्रकाश वळवते, म्हणून त्याला ‘भिंग’ म्हणतात. एकच गुच्छ गाभ्याजवळ मागच्या दीर्घिकेची प्रतिमा ओढून लांब कमान करतो (अबेल ३७० या गुच्छातली कमान पाहा) आणि काठाकडे मागच्या दीर्घिकांचे आकार जेमतेम काही टक्के बदलतो. म्हणून ‘क्षीण भिंगपरिणाम’ लिहावे. शिवाय ‘समूह’ नको, ‘गुच्छ’ हवा. समूह म्हणजे लहान जमाव, जसा आपली आकाशगंगा ज्यात आहे तो ‘स्थानिक समूह’. गुच्छात शेकडो-हजारो दीर्घिका असतात.

— ‘भिंग’ म्हटले की नाभी आठवते, ती इथे नसते. बहिर्वक्र भिंगात अक्षापासून दूरचा किरण जास्त वळतो. बिंदुवत वस्तुमानापाशी उलटे: अंतर दुप्पट, तर वळण निम्मे. त्यामुळेच कमानी आणि वलये दिसतात. रंगदोषही नाही, सगळे रंग सारखेच वळतात. दोन प्रतिमा एकाच दीर्घिकेच्या आहेत का, हे ताडताना आधी रंग जुळवतात ते याचमुळे. आणि कमानींची अंतरे ‘विकलां’त (अंशाच्या ३६००व्या भागांत) द्या, इतका नेमका शब्द असताना ‘कोनीय सेकंद’ कशाला?

— आकारातल्या ओढीला ‘कर्तन’ म्हणतात, पण त्याने कात्री डोळ्यांपुढे येते. ‘विरूपण’ बरे. आकारमान वाढते ते ‘विशालन’, ते वेगळे ठेवा.

— मोजणीची अडचणही लिहायला हवी. दीर्घिका मुळातच लंबगोल असतात, त्या लंबगोलपणाचा विखुर (सरासरीभोवतीचा फरक) ०.३ च्या आसपास. विरूपण ०.०३ असेल तर एका दीर्घिकेवरून काहीच कळत नाही. १०० दीर्घिकांच्या सरासरीत त्रुटी ०.०३, म्हणजे विरूपणाइतकीच; १०,००० घेतल्या तर ०.००३. गुच्छातल्याच दीर्घिका चुकून ‘मागच्या’ धरल्या तर त्यांच्यात विरूपण नसल्याने सरासरी घसरते आणि वस्तुमान कमी भरते. त्यासाठी ताम्रसृती (प्रकाशाचे लाल रंगाकडे सरकणे, ज्यावरून अंतर कळते) तपासावी लागते. दुर्बीण आणि वातावरण यांनी प्रतिमा पसरते, ती दुरुस्ती त्याच छायाचित्रातल्या ताऱ्यांवरून करतात.

— मूळ वाक्यात एक पायरीही गळली आहे. भिंगपरिणामातून मिळते ते गुच्छाचे वस्तुमान. विश्वातील द्रव्याचे प्रमाण कळते ते कोणत्या वस्तुमानाचे किती गुच्छ, कोणत्या काळात होते, या मोजदादीतून. वस्तुमान वाढते तशी गुच्छांची संख्या झपाट्याने घटते, त्यामुळे वस्तुमानातली थोडी चूकही निष्कर्षात मोठी होते.