मदत हवी आहे: टेबलाला आवळायचा सोल्डरिंगचा 'हेल्पिंग हँड' जागेवर राहत नाही

नमस्कार मंडळी,

मी काही यातला माणूस नाही. रिमोटमधली सुटलेली पत्ती, चार्जरची तुटलेली वायर, एवढीच माझी धाव. २५ वॉटचं साधं सोल्डरिंग आयर्न आहे आणि ६०/४० ची ०.८ मिमी सोल्डर तार (जोड पक्का करायला वितळवतात ती). आजवर एका हातात आयर्न, दुसऱ्यात तार आणि काम धरायला मुलगा असा कारभार होता. मागे त्याच्या बोटाला चटका बसला, तेव्हापासून घरात माणूस मिळेना.

म्हणून हेल्पिंग हँड मागवला. टेबलाच्या कडेला खालून स्क्रूने आवळायचा, दोन वाकणारे हात, त्यांच्या टोकांना क्रोकोडाइल क्लिप आणि मध्ये भिंग. आता रडगाणं ऐका.

टेबल जेवणाचंच (वेगळं टेबल ठेवण्याइतकं घर मोठं नाही). त्याची सनमायकाची कड गोल आहे. कितीही आवळा, हाताला जरा धक्का लागला की अख्खा स्टँड गर्रकन फिरतो. जास्त आवळला तर खालच्या बाजूला वण पडला. तो अजून घरात कोणाला दिसलेला नाही.

दुसरं, हात हळूहळू खाली झुकतात. हेडफोनची ३.५ मिमीची नवी पिन एका क्लिपमध्ये, वायर दुसरीत, दोन्ही समोरासमोर आणून आयर्न उचलेपर्यंत पिन खाली बघायला लागलेली असते.

तिसरं आणि मुख्य. सोल्डर वायरीला धरतच नाही. गोळी होऊन टपकन खाली पडते. माझा समज असा की क्लिपचं लोखंड सगळी उष्णता खातं. म्हणून आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवलं, तर पिनच्या आतलं प्लॅस्टिक वितळून मधला पॉइंट तिरका झाला. एक पिन वाया गेली.

जड बुडाचा, जाड हातांचा स्टँड घ्यावा का? की यातच काही जुगाड आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
नवीन काही घेऊ नका. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापा, एक कडेच्या वर, एक स्क्रूखाली. स्क्रूच्या बाजूला प्लायचा छोटा तुकडाही ठेवा, म्हणजे दाब पसरतो आणि वण पडत नाही. हातांचं म्हणाल तर ते लांब ताणलेत म्हणून झुकतात. कोपर वाकवून काम बुडाच्या जवळ आणा. क्लिपच्या दातांवर हीट श्रिंकची (गरम केली की आक्रसून घट्ट बसते ती) नळी चढवा, वायरीचं आवरण चिरडणार नाही आणि उष्णताही कमी ओढली जाईल.

प्रतिसाद २
स्टँडला उगाच शिव्या घालताय. हेडफोनच्या वायरीतले लाल, हिरवे, तांब्याच्या रंगाचे केसासारखे धागे असतात ना, तो रंग म्हणजे लाखेसारखा इन्सुलेशनचा थर आहे. तो जाळल्याशिवाय सोल्डर धरणारच नाही, मग वायर क्लिपमध्ये असो की देवाच्या हातात. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा ताजा थेंब घ्या आणि धाग्याचं टोक त्यात बुडवून ठेवा. जरा धूर निघेल आणि टोक चांदीसारखं चकाकेल. भांड्याला कल्हई करतात तसंच. पिनच्या पॉइंटनाही आधी अशीच कल्हई करून घ्या. मग दोन्ही टेकवून एखादा सेकंद आयर्न लावलं की काम झालं, जास्तीची तारसुद्धा लागत नाही. म्हणजे एक हात आपोआप मोकळा!

प्रतिसाद ३
वरच्याशी सहमत. पिनसाठी अजून एक: क्लिपमध्ये पिन धरूच नका. जुन्या रेडिओतलं किंवा खराब स्पीकरमधलं ३.५ मिमीचं सॉकेट क्लिपमध्ये पकडा आणि पिन त्यात खोचा. प्लॅस्टिक थोडं मऊ पडलं तरी सॉकेट पॉइंट सरळ धरून ठेवतं.

प्रतिसाद ४
६०/४० म्हणजे त्यात ४० टक्के शिसं आहे, साहेब, आणि आपण जेवणाच्या टेबलावर बसलाय. खाली एखादा जुना ट्रे ठेवा, काम झालं की टेबल ओल्या फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा. फडकं स्वयंपाकघरातलं नको. फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून तारेत भरलेल्या राळेचा) धूर तोंडावर येऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. आणि ते भिंग! माझ्याकडे दुपारचं ऊन गॅलरीतून थेट भिंगावर आलं आणि खालच्या वर्तमानपत्राला तपकिरी भोक पडलं. मी चहा करायला गेलो होतो. काम नसताना भिंगावर मोजा चढवून ठेवतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. ट्यूब पंक्चरवाल्याकडून फुकट मिळाली, स्टँड आता हलत नाही. लाख जाळायचं कोणीच सांगितलं नव्हतं हो! पहिला धागा चकाकला तेव्हा मुलाला हाक मारून दाखवला. सॉकेट जुन्या एफेम रेडिओतून काढलं. तिन्ही जोड पहिल्या फटक्यात झाले, लाल उजवा, हिरवा डावा, तांब्याचा ग्राउंड, दोन्ही कानांत आवाज खणखणीत.

मग पिनचं टोपण हातात घेतलं आणि लक्षात आलं की ते वायरीत आधी ओवायचं असतं. तिन्ही जोड पुन्हा सोडवतोय.