मदत हवी आहे: माँटेव्हिडिओत आठ दिवस निवांत राहायचंय

नमस्कार मंडळी,

सध्या आम्ही दोघं लेकीकडे साओ पाउलोला आहोत. तिच्या बाळंतपणासाठी आलो होतो, नात आता चार महिन्यांची झाली. लेक-जावई मागे लागलेत की परत जायच्या आधी तुम्ही दोघंच कुठेतरी जाऊन या. इथून विमानाने अडीच तासांवर उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ आहे. ह्यांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, "हेच. पाण्याकाठी आहे आणि फार मोठंही नाही."

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळतील. गेल्या वर्षी एका टूर कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. अकरा दिवसांत सात देश, रोज पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर. चौथ्या दिवशी ह्यांचा उजवा गुडघा सुजला आणि पुढची सहल त्यांनी बसच्या खिडकीतून बघितली. ल्यूसर्नला तलावाकाठी मी एकटीच उतरले, पण मन लागेना, वीस मिनिटांत परत येऊन त्यांच्या शेजारी बसले. चौतीस वर्षं वीज मंडळात काढली त्यांनी. पावसाळ्यात ताटावरून उठून जायचे. आता एक आठवडा तरी त्यांना घड्याळ न बघता जगता यावं, एवढीच माझी इच्छा आहे. नेटवर जिथे बघावं तिथे "माँटेव्हिडिओला दोन दिवस पुरे" असं लिहिलंय. मला ते आठ दिवस हवेत.

तारखा २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. राहायला जुन्या शहरात, म्हणजे सिउदाद व्हिएहात, स्वस्त हॉटेल मिळतंय. पोसितोस भागातलं स्वयंपाकघर असलेलं छोटं घर थोडं महाग पडतंय. कुठे राहावं? हे सपाटीवर अर्धा तास चालतात, मग बसावं लागतं, तर वाटेत बाकं असतात का? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं, आणि रात्री साडेसातला जेवतो. उरुग्वे म्हणजे गोमांसाचा देश, तेव्हा निभेल का? ब्युनोस आयर्स जोडायचा आग्रह जावयाने धरलाय, तो ऐकावा का?

आणि एक. मी रत्नागिरीची. फोटोंत तिथलं पाणी कधी हिरवं दिसतं, कधी दूध घातलेल्या चहासारखं. तो समुद्र आहे की खाडी?

प्रतिसाद १

ताई, मी कामानिमित्त दोन वर्षं माँटेव्हिडिओत होतो. टीसीएसचं तिथे २००२ पासून केंद्र आहे, त्यामुळे मराठी माणूस तिथे अगदीच नवा नाही.

पोसितोसचं घर घ्या, दोनदा विचार करू नका. जुनं शहर दिवसा सुंदर, पण कचेऱ्या सुटल्या की रस्ते ओस पडतात आणि अंधार पडल्यावर तिथे रेंगाळणं बरं नाही. फुटपाथच्या फरश्याही बऱ्याच ठिकाणी उखडलेल्या आहेत. काकांच्या गुडघ्याला तेच जास्त नडेल.

पोसितोसहून खाली उतरलात की रांब्ला. पाण्याच्या कडेने सलग बावीस किलोमीटरहून लांब जाणारा रस्ता आणि त्याच्या कडेचा रुंद, सपाट फुटपाथ. बाकं आहेत, आणि बाक नसेल तिथे कठडा आहे. जुन्या शहराच्या बाजूला तो गुलाबी ग्रॅनाइटचा आहे, दिवसभर उन्हात तापून संध्याकाळी बसायला छान कोमट असतो. नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेआठच्या सुमाराला मावळतो. तेव्हा सगळं गाव तिथे येतं. बगलेत थर्मास, हातात 'माते'चं (गरम पाणी घालून नळीने प्यायच्या तिथल्या कडू चहाचं) भांडं, घडीच्या खुर्च्या, आणि दोन-दोन तास नुसत्या गप्पा. तुम्हाला हवंय ते हेच. वेगळं काही ठरवावं लागणार नाही.

पाण्याचं म्हणाल तर ते नदीचं मुख आहे, रिओ दे ला प्लाता. पाराना आणि उरुग्वे या दोन नद्यांचा गाळ घेऊन येतं. समुद्राजवळ ते साधारण दोनशेवीस किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे पलीकडचा काठ दिसतच नाही. नद्यांना पाणी जास्त असलं की तांबूस आणि गोडसर, अटलांटिकने आत रेटा दिला की हिरवं आणि खारट. रत्नागिरीच्या माणसाला खाडी म्हणजे काय ते मी सांगायला नको. फक्त आपल्या खाडीच्या कितीतरी पट मोठी समजा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. दुपारी सूर्य उत्तरेला असतो आणि वारा गार, त्यामुळे ऊन जाणवत नाही पण त्वचा भाजून निघते. टोपी आणि सनस्क्रीन हवंच. आणि पांपेरो नावाचा नैर्ऋत्येचा वारा सुटला की तासाभरात हवा पालटते, म्हणून स्वेटर रोज पिशवीत ठेवा.

प्रतिसाद २

काकू, जेवणाची अजिबात काळजी नको. तिथे फाइना मिळतो, हरभऱ्याच्या पिठाचा, ओव्हनमध्ये भाजलेला. आपल्या बेसनाच्या जाड धिरड्याचा भाऊच. पिझ्झाच्या प्रत्येक दुकानात असतो, पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून खातात. वरून मिरपूड घालायला विसरू नका. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा आईची आठवण येऊन गळा दाटला होता.

बटाट्याचं जाड ऑम्लेट, पास्कुआलिना म्हणजे पालक आणि अंड्यांचं सारण भरून भाजलेला पाय, ताजा पास्ता हेही सगळीकडे मिळतं. तुमच्या तारखांत २९ आली आहे! दर महिन्याच्या २९ला तिथे न्योकी खायची रीत आहे, बटाट्याच्या छोट्या उकडलेल्या गोळ्या, आणि ताटाखाली नोट ठेवतात, पैसा टिकावा म्हणून. हॉटेलांचं रात्रीचं स्वयंपाकघर मात्र आठच्या आधी क्वचितच सुरू होतं. म्हणून बाहेरचं जेवण दुपारी करा आणि रात्री घरी खिचडी लावा. वस्त्यांमध्ये आठवडी बाजार भरतात, भाजी उत्तम मिळते.

एक शब्द लक्षात ठेवा, "ता". ठीक आहे, चालेल, झालं, कळलं, सगळ्याला "ता".

प्रतिसाद ३

आम्ही दोघं चार दिवस होतो आणि कमी पडले. रोज एकच गोष्ट बघायची असं ठरवा.

रविवारी सकाळी त्रिस्तान नार्व्हाहाचा बाजार. जुनी पुस्तकं, किल्ल्या, ग्रामोफोनच्या तबकड्या, टोमॅटो, सगळं एकाच रस्त्यावर. काकांना जुनी विजेची मीटर नाहीतर स्विच सापडले तर दुपार तिथेच जाईल! एक दिवस स्वातंत्र्य चौक. तिथे पालासिओ साल्व्होची इमारत आहे, १९२८ची. तिचा वास्तुकार मारिओ पालांती, ब्युनोस आयर्समधली पालासिओ बारोलोही त्याचीच. बाकावर बसून खालपासून वरपर्यंत बघा. जवळच १८५६चं सोलीस नाट्यगृह, आणि पुढे कॉफीसाठी १८७७पासून चालू असलेलं काफे ब्रासिलेरो. बंदरावरच्या १८६८च्या बाजारात गोमांस भाजण्याच्या भट्ट्या आहेत. वासाचा त्रास होत असेल तर ते सोडा.

काकांना फुटबॉल आवडत असेल तर सेंतेनारिओ स्टेडियम दाखवा. पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३० जुलै १९३० रोजी तिथेच झाला, उरुग्वेने अर्जेंटिनाला ४-२ हरवलं. संग्रहालयही आहे.

ब्युनोस आयर्स या खेपेला नको. बोटीच्या वेळा, सामान, पुन्हा तीच पळापळ. बदल हवा असेल तर कोलोनिआ देल साक्रामेंतो, १६८०मध्ये पोर्तुगीजांनी वसवलेलं गाव. त्रेस क्रुसेस स्थानकावरून बसने अडीच-तीन तास. पण तिथे उंचसखल दगडी रस्ते आहेत, एक रात्र मुक्काम करून सावकाश बघा, त्याच दिवशी परतू नका.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. रांब्लाचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. पोसितोसचं घर आजच घेतलं, तिसरा मजला, लिफ्ट आहे. ब्युनोस आयर्स रद्द, जावयाला मीच समजावलं. कोलोनिआचं तिथे गेल्यावर, गुडघा बघून ठरवू. २९ला न्योकी नक्की.

ह्यांनी संध्याकाळी एक लिटरचा थर्मास विकत आणलाय आणि माते कसं पितात ते विचारा म्हणताहेत. तिथे कुणी देऊ केलं तर काय करायचं?

प्रतिसाद १

क्या बात है! काकांना सांगा, पहिले घोट कडूच लागतात. पाणी उकळतं घालायचं नाही, वाफा यायला लागल्या की उतरवायचं, नाहीतर पत्ती करपते. भांड्यातली धातूची नळी ढवळायची नाही, ती बसवलेली तशीच ठेवायची. एकच जण भरून देतो. आपण पूर्ण संपवायचं, नळीतून सुर्र असा आवाज आला तरी चालतो, आणि भांडं भरणाऱ्याच्या हातात परत द्यायचं. तेव्हा "ग्रासिआस" म्हणू नका. ग्रासिआस म्हटलं की समोरचा समजतो, यांना आता पुरे.