'एकच प्याला'तून रामलाल कापला तर काय बिघडतं?

दांडियाबाजारकर:
आमच्या बडोद्यातल्या एका हौशी ग्रुपने 'एकच प्याला' दीड तासात बसवायला घेतलंय. काल रिहर्सलला कळलं की नायक सुधाकरचा मित्र रामलाल, त्याचं काम जवळजवळ सगळंच उडवलंय, का तर म्हणे तो नुसता उपदेश करतो, पब्लिक कंटाळतं. मला हे अजिबात पटलेलं नाही. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग याच गावात केला, निदान इथे तरी या नाटकाला जरा जपून हात लावा. रामलाल विलायतेला गेलेला असतो, इकडे सुधाकरची वकिलीची सनद काही काळासाठी जाते आणि दारुडा तळीराम प्याला पुढे करतो. जिवाभावाचा माणूस नेमका त्याच वेळी जवळ नाही! परत आल्यावर तो समजावतो, धावपळ करतो, तरी काही उपयोग होत नाही. तो नसला तर लोक म्हणणार, कोणी सांगणारं असतं तर वाचला असता बिचारा.

पडद्यामागचा:
दादा, मी लाइट्स बघतो, हॉल कधी गप्प होतो आणि कधी चुळबुळ करतो ते मला वरून दिसतं. आर्यमदिरामंडळाचा, म्हणजे दारुड्यांच्या क्लबचा, प्रवेश आला की लोक पुढे सरकून बसतात, रामलालचं लांबलचक बोलणं सुरू झालं की मोबाइल निघतात. आणि निष्ठाच दाखवायची तर सुधाकरची बायको सिंधू आहे ना, मरतानासुद्धा पोलिसांसमोर नवऱ्याला वाचवते, याहून जास्त काय पाहिजे? दीड तासात कोणाला तरी जावं लागणारच.

रावपुऱ्याची ताई:
सिंधू सगळं पोटात घालते, तोंडावर बोलायचं काम मित्राचं, दोन्ही एक कसं होईल? पण रामलालपेक्षा मला 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला चारुदत्ताचा मित्र मैत्रेय जास्त आवडतो. चारुदत्ताचा पैसा गेला, लोक गेले, हा कुरकुरत का होईना पण राहिला, आणि चारुदत्तावर प्रेयसी वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो तेव्हा मैत्रेयाच्याच काखेतून भर न्यायालयात तिचे दागिने खाली पडतात आणि तोच मित्राविरुद्ध पुरावा होतो. असं काही हातून घडलं की छोटं काम पण लक्षात राहतं. हॅम्लेटचा होरेशिओ बघा, नाटकभर बहुतेक ऐकतोच, पण शेवटी उरलेलं विष प्यायला निघतो आणि हॅम्लेट त्याला थांबवतो, की तू जग आणि माझी हकीकत सांग. रामलालला असं काही नाही हे मान्य, म्हणून भाषणं कापा, माणूस ठेवा.

पडद्यामागचा:
ताई, भाषणं काढली तर मग उरतं काय त्याच्यात?

दांडियाबाजारकर:
ऐकणं उरतं. दारू सुटत का नाही, तिच्या तीन अवस्था कोणत्या, ते सुधाकरचं बोलणं आठव. ते तो कोणाला सांगतो? रामलालला.

पडद्यामागचा:
ते प्रेक्षकांकडे बघून बोलता येईल की, मी वरून एकच स्पॉट देतो, उलट जास्त चढेल.

दांडियाबाजारकर:
नाही चढणार रे. प्रेक्षकांकडे बघून बोलला की तेच दारूबंदीचं व्याख्यान होतं, ज्याला तू कंटाळतोयस. मित्राच्या डोळ्यात बघून बोलला तर तो स्वतःचा निकाल स्वतः वाचतोय असं वाटतं, कारण समोरच्याने त्याला शुद्धीवर असताना, हुशार वकील म्हणून पाहिलेलं आहे. उद्या रिहर्सलला दोन्ही तऱ्हांनी करून बघू, तू स्पॉट लाव, रामलालच्या जागी मी बसतो.

रावपुऱ्याची ताई:
मी पण येते, किती वाजता?