चान्सेनकार्टवर जर्मनीला जावं का? एजंट साडेतीन लाख मागतोय

चाकणचा_मेकॅनिकल:
नमस्कार मंडळी, वय ३३, बीई मेकॅनिकल, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ७ वर्षं क्वालिटीत आहे. जर्मनीच्या त्या चान्सेनकार्ट व्हिसासाठी एक एजंट साडेतीन लाख मागतोय, म्हणतो जॉबची गॅरंटी आणि बायको-मुलगी पण लगेच सोबत. जर्मन मला गुटन मॉर्गनच्या पुढे येत नाही, इंग्लिश ठीकठाक. आई म्हणते लागलेली नोकरी सोडून कुठे निघालास. कोणी गेलंय का यावर, खरं काय ते सांगा.

श्टुटगार्टची_ताई:
गॅरंटी म्हणाला ना, तिथूनच उठायचं. हे कार्ड जून २०२४ पासून सुरू झालं आणि ते नोकरीचं नाही, नोकरी शोधायचं आहे, वर्षभर राहता येतं, तेवढ्यात आठवड्याला २० तास पार्टटाइम. ६ पॉइंट लागतात. तुझे मोजते, पस्तिशीच्या आत म्हणून २, गेल्या ७ वर्षांत ५ वर्षं अनुभव त्याचे ३, इंजिनिअर तुटवड्याच्या यादीत आहेत त्याचा १, झाले की ६. पण आधी अनाबिनच्या साइटवर (परदेशी डिग्र्या जर्मनीत धरतात का ते तिथे कळतं) तुझी युनिव्हर्सिटी आणि डिग्री शोध, ती पूर्ण जुळली तर पॉइंट-बिइंट मोजायचेच नाहीत. नाही जुळली तर जर्मन ए१ (भाषेची सगळ्यात खालची पातळी) नाहीतर इंग्लिश बी२ (बरीच वरची) चं सर्टिफिकेट लागतं, ठीकठाक चालत नाही बाबा.
आणि बायको-मुलगी या कार्डावर येणार नाहीत असंच धरून चल. नोकरी लागून ब्लू कार्ड (डिग्रीवाल्यांचा नोकरीचा परवाना) झालं की मग त्यांना आणता येतं, बायकोला कामही करता येतं.

हिशेबी_माणूस:
पैशाचं बोला की कोणीतरी. ब्लॉक्ड अकाउंटला २०२५ मध्ये महिन्याचे १०९१ युरो धरून वर्षाचे १३०९२ दाखवावे लागत होते. ती फी नाही, पैसे आपलेच, तिकडे गेल्यावर दर महिन्याला थोडे थोडे सुटतात. व्हिसाची फी ७५ युरो आणि फॉर्म ऑनलाइन स्वतः भरता येतो. मग साडेतीन लाख कशाचे, पीडीएफ जोडायचे?

परत_आलेला:
मी जाऊन आलोय दादा, माझीही लाइन मेकॅनिकलच. आयटीवाल्यांचं इंग्लिशवर भागतं, आपलं नाही, शॉपफ्लोअरवर सगळं जर्मन, सप्लायरची तक्रार आली तर फोनवर भांडायचं कोणत्या भाषेत? मी ए१ वर गेलो, पहिले तीन महिने खोली शोधण्यात आणि पत्ता नोंदवण्यातच गेले, सीव्ही पाठवायचो तर उत्तर पण नाही. इंटरव्ह्यू दोनच झाले, दोघांनी पाच मिनिटांत जर्मन सुरू केलं आणि मी आपला या या (हो हो) करत बसलो. वर्ष संपलं, परत. नोकरी सोडू नकोस, पुण्यातच मॅक्सम्युलर भवनला शनिवार-रविवार बी१ पर्यंत कर, इथूनच अर्ज टाकत राहा. इथे बसूनच ऑफर आली तर हे कार्ड लागतच नाही.

चाकणचा_मेकॅनिकल:
धन्यवाद सगळ्यांना. एजंटला सांगितलं बी१ झाल्यावर बोलू, तर म्हणे ऑफर रविवारपर्यंतच आहे. साड्यांचा सेल लावलाय का याने 😄