क्लीनर रासची गोष्ट उलटी आहे

क्लाउनफिश नावाच्या माशात मादी मेली की तिचा नरच मादी होतो. क्लीनर रास या माशात नेमकं उलट घडतं. बोटभर लांब, अंगावर काळा पट्टा. मोठ्या माशांच्या थेट तोंडात शिरून परजीवी टिपतो तोच हा. एका नराभोवती पाच-सहा माद्या असतात आणि त्यांच्यातही आकारानुसार उतरंड. जीवशास्त्रज्ञ रॉबर्टसन यांनी या माशाची ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटापाशी केलेली निरीक्षणं १९७२ साली प्रसिद्ध झाली. नर गेला की काही तासांतच थोरली मादी त्याच्यासारखी इतरांवर धावून जाऊ लागते, आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्यात शुक्राणू तयार होतात! नर असेपर्यंत त्याच्या दटावणीनेच हे सगळं थोपलेलं असतं. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं: शेजारचा नर घुसून कळप ताब्यात घेऊ शकला, तर ती मादीच राहते.